पिंजऱ्यातला वड

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या बागेत गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात झाडं दत्तक देण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा मी तिथे समोसे मिळणार म्हणून गेलो होतो, असा आमच्या घरी समज आहे. तो साफ खोटा आहे. मला झाडांची कळकळ आहे. समोसे होते, ही निराळी गोष्ट.

योजना बागेच्या खात्याची होती. रोप खात्याचं, खड्डा खात्याचा, नावाची पाटी खात्याची. पालकाने फक्त वर्षभर पाणी घालायचं आणि झाड जगवायचं. म्हणजे जे काम खात्याचं होतं, तेवढंच आमच्याकडे आलं होतं. पण पाटीवर आपलं नाव येणार म्हटल्यावर माणसाची बुद्धी चालत नाही. आमच्या सकाळी फिरणाऱ्या गटातले सगळे इस्त्रीचे कपडे घालून हजर होते. सगळ्यांत पुढे निरंजन देशकर. हा माझा शेजारी, बँकेतून निवृत्त झालेला, आणि जिथे चार माणसं उभी असतील तिथे आपण अध्यक्ष आहोत असं समजणारा. त्याने आंबा घेतला आणि रोप हातात धरूनच दहा वर्षांनी येणाऱ्या आंब्यांचं वाटप सुरू केलं. कोणी चिकू घेतला, कोणी जांभूळ, कोणी चाफा. मी टेबलापाशी पोचलो (वाटेत थोडा वेळ गेला होता, समोसे गरम होते) तेव्हा एकच रोप उरलं होतं. वडाचं.

"वैरागडे, वड घेऊन राहिले का?" निरंजन म्हणाला. "नातवाच्या नातवाले सावली भेटन तुमच्या."

सगळे हसले. मीही हसलो, कारण तोंडात समोसा होता आणि उत्तर देणं शक्य नव्हतं. त्यानंतर फोटो झाले. फावडं एकच होतं, ते प्रत्येकाच्या हातात जाऊन आलं. मातीला ते लागलं की नाही हे मी पाहिलं नाही, पण फोटोत सगळेच घाम पुसताना दिसतात.

पाऊस होता तोवर सगळ्यांची झाडं छान होती. पाऊस थांबला आणि पालकांची खरी जात दिसली. निरंजन म्हणाला, त्याची सकाळची औषधं आणि पाणी घालायची वेळ एकच येते. जांभळाचे पालक मुलाकडे पुण्याला गेले. चिकूचे पालक रोज यायचे, चिकूकडे पाहून मान हलवायचे आणि खात्याला शिव्या देऊन घरी जायचे. त्या शिव्यांवर चिकू काही दिवस जगला, मग तोही गेला.

मी मात्र पाणी घालत होतो. बागेत नळ आहे. त्याच्याबद्दल मी निषादला विचारलं. निषाद हा बागेचा चौकीदार, आणि झाडांविषयी त्याला काहीही माहीत नाही हे तो स्वतःच अभिमानाने सांगतो.

"नल तो है भैया," तो म्हणाला, "पानी ऊपर से नहीं आ रहा."

"ऊपर से कब आएगा?"

"बरसात में."

मी खात्यात गेलो. तिथले साहेब फार सभ्य. त्यांनी मला बसवलं आणि सांगितलं की झाडाचा विभाग हा आहे, पाण्याचा विभाग वेगळा आहे. पाण्याच्या विभागाने सांगितलं की पाणी द्यायला ते तयार आहेत, पण बाग झाडांच्या विभागाकडे येते. मी परत पहिल्या साहेबांकडे गेलो तर ते जेवायला गेले होते. तेव्हापासून मी घरून दोन डबे भरून स्कूटरवर नेऊ लागलो. ज्या माणसाने रेल्वेच्या हिशेब खात्यात अख्खा जन्म काढला, ज्याच्या केबिनबाहेर माणसं ताटकळत उभी राहत, त्याला रस्त्यात एका बाईने हात दाखवून थांबवलं आणि विचारलं, "भैया, दूध कैसे लीटर दे रहे हो?" मी तिला म्हटलं, पानी है. ती म्हणाली, "वो तो सभी मिलाते हैं."

सल्ले मात्र फुकट आणि भरपूर. ज्यांची झाडं मेली होती, ते सगळे माझ्या झाडाचे जाणकार झाले. ताक घाला. चहाचा चोथा घाला. अंड्याची टरफलं घाला, पण शाकाहारी असाल तर नका घालू. निरंजनची बायको मंदाकिनीवहिनी म्हणाल्या की झाडाशी रोज दोन शब्द बोलावे, त्याने झाड खुलतं. मी बोलायला लागलो. एकदा मागून फिरणाऱ्यांनी ऐकलं आणि माझी प्रकृती बरी आहे ना असं सुशीलेला विचारून गेले. सुशीला म्हणजे माझी बायको. खरं म्हणजे मी तेव्हा झाडाला निरंजनविषयी सांगत होतो, आणि झाड खरोखरच खुलत होतं.

मे महिना आला, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत जहाल नऊ दिवस, लागला. रायपूरचं ते ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला सांगण्यात अर्थ नाही. बागेत ओळीने पाट्या उभ्या होत्या, प्रत्येक पाटीवर एक नाव, आणि प्रत्येक नावाखाली एक काटकी. फक्त माझ्या पाटीखाली कमरेएवढा हिरवा वड होता. शेंड्याला तांबूस पालवी फुटली होती. मला त्या झाडाचा लोभ जडला होता, हे मी कबूल करतो. अनिमेष माझा मुलगा असून त्याने मला इतकं समाधान कधी दिलं नाही.

आणि इथेच घात झाला. आमच्या भागात दुसरा वड नाही. इतकी वर्षं बायका वटसावित्रीला ऑटो करून पुरानी बस्तीत किंवा ब्राह्मणपाऱ्यात जायच्या. आता त्यांना चालत जाण्याच्या अंतरावर वड मिळाला. बागेत हिरवं झाडही तेवढंच, कारण बाकी सगळ्यांनी आपली झाडं मारून टाकली होती.

रायपुरात वटसावित्री दोनदा असते, हे बाहेरच्यांना माहीत नसेल. इथल्या हिंदी आणि छत्तीसगढी बायका त्यांच्या ज्येष्ठातल्या, म्हणजे आपल्या वैशाखातल्या, अमावास्येला वड पुजतात आणि आम्ही मराठी लोक त्यानंतरच्या ज्येष्ठ पौर्णिमेला. सत्यवान बिचारा एकदाच गेला आणि एकदाच परत आला, पण आमच्या गावात त्याला दर वर्षी दोनदा खाली खेचतात.

अमावास्येच्या सकाळी मी डबे घेऊन गेलो तर बागेत लाल साड्यांची झुंबड. खात्याने झाडाभोवती बांबूची जाळी लावली होती, ती बाजूला काढून तिच्यावर पूजेची ताटं ठेवली होती. माझ्या वडाला बोटाएवढं खोड. त्या खोडाला इतकं सूत गुंडाळलं होतं की ते आता मनगटाएवढं दिसत होतं. वर रोली, अक्षता, भिजवलेले हरभरे, पुऱ्या, खरबुजाच्या फोडी. एका पानाला उदबत्ती टोचली होती. प्रत्येक बाई एक तांब्या पाणी घालत होती, आणि पाण्यात दूध, आणि दुधात साखर.

"भाभीजी," मी आमच्या गल्लीतल्या चंद्राकर भाभींना म्हटलं, "उसका गला दब रहा है."

"किसका?" त्यांनी घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

"पेड़ का."

"अरे भैया, ये तो सावित्री माता का धागा है, इससे किसी का कुछ नहीं बिगड़ता. आपने बड़ा पुन्न कमाया है. लो, परसाद खाओ."

मी परसाद खाल्ला. दुपारपर्यंत बायका पांगल्या. मग मुंग्या आल्या, हरभऱ्यांसाठी बकऱ्या आल्या, आणि एका बकरीने हरभऱ्यांबरोबर तांबूस शेंडाही खाल्ला. संध्याकाळी मी सुशीलेची कात्री घेऊन गेलो आणि ते सगळं सूत कापून काढलं. खोडावर वळ उठले होते. मला रडू येण्यासारखं झालं, पण निषाद पाहत होता.

निषादने तेवढंच काम न सांगता केलं. त्याने सगळ्या गल्लीत सांगितलं.

नेमका त्याच रात्री चंद्राकरजींचा पाय न्हाणीघरात घसरला. माणूस जाडा, फरशी ओली, चप्पल झिजलेली. पण त्यात कोणाला रस नव्हता. वैरागडेने धागा कापला आणि चंद्राकरजी पडले, एवढंच सगळ्यांना समजलं. मी फळं घेऊन भेटायला गेलो तर भाभींनी दार अर्धंच उघडलं आणि "अब और क्या काटने आए हो?" असं विचारलं. गल्लीतले नवरे मला पाहिलं की छातीवर हात ठेवून आपलं सगळं ठीक चाललंय ना ते तपासायला लागले. एका कात्रीने मी साऱ्या शंकर नगराच्या आयुष्याचा ठेकेदार झालो.

पंधरा दिवसांनी पौर्णिमा. तो मुका जीव दुसरी पूजा काही सोसणार नव्हता. मी खात्यात गेलो आणि इथे पूजा मना आहे अशी पाटी लावा म्हटलं. सभ्य साहेब गंभीर झाले. "देखिए, पेड़ हमारा विषय है. धागा हमारा विषय नहीं है." मग मी पुरानी बस्तीतल्या वेल्डरकडे गेलो आणि लोखंडी सळ्यांची जाळी करायला सांगितली. मजबूत, छातीएवढी उंच, वरून उघडी, दाराला कुलूप, आणि आत माणूस उभा राहून आळं करू शकेल एवढी ऐसपैस. त्याने मापं ऐकली आणि विचारलं, "कुत्ता कौन सा है?" जाळी बसवल्यावर खात्याचे साहेब पाहायला आले. बागेत खाजगी पिंजरा ठेवायला परवानगी नाही, असं ते म्हणाले. पण ठेवलेला पिंजरा काढायचीही काही तरतूद नाही, म्हणून राहू दे.

घरी मी सुशीलेला समजावून पाहिलं. "तू दरवर्षी ब्राह्मणपाऱ्यात जातेस, यंदाही जा. तू गेलीस तर बाकीच्याही जातील."

"मी काहून जाऊ? घरचं झाड सोडून परक्याच्या झाडाले फेरे मारू का?" ती म्हणाली. "अन् त्या झाडाले तुम्ही जितकं पाणी पाजलं ना, तितका मले जन्मात कधी चहा नाही पाजला. सात जन्म मागून राहिली मी तुमच्यासाठी, अन् तुम्ही मलेच हाकलून राहिले."

मी चहा करायला उठलो तर म्हणाली, "आता राहू द्या."

पौर्णिमेला मी उजाडताच बागेत गेलो. जाळीत शिरून आळं नीट करत होतो. बकरीने खाल्लेल्या शेंड्याच्या बाजूने एक नवं पान डोकं काढत होतं. ते पाहत असतानाच फाटकाकडून नऊवाऱ्या, पैठण्या, नथी आणि आंबे घेऊन आमची मराठी फौज येताना दिसली. मी सळ्यांतून हात घालून दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. मी आत, वड आत, जग बाहेर.

"नरहरीभाऊ, दार उघडा जी," मंदाकिनीवहिनी म्हणाल्या. "मुहूर्त चालला."

"नाही उघडत, वहिनी. पाहिजे तर जाळीले गुंडाळा सूत. झाडाले हात लावू देणार नाही."

"अन् पाणी?"

"मी घालतो. प्रत्येकीच्या नावानं एक एक थेंब."

"एका थेंबात सात जन्म?" मागून कोणीतरी विचारलं.

"राहू द्या हो मंदावहिनी," सुशीला पुढे आली. "हे नाही ऐकत. जाळीलेच गुंडाळू. आत झाड आहेच ना."

तिने सुताचं टोक सळीला बांधलं आणि फेरे धरले. मागोमाग सगळ्या. मी आत उभा राहून "हळू, हळू" करत होतो आणि मनातून खूश होतो. सूत लोखंडाला बसत होतं, झाडाला नखही लागत नव्हतं. खात्याला, वेल्डरला, कोणालाच जे सुचलं नाही ते मी केलं होतं. हेच मी वडाला हळूच सांगत होतो, तेवढ्यात निरंजन आला. बायकोला न्यायला आला होता. फाटकातच थांबला आणि ओरडला:

"मंदा! कोणाभोवती फिरून राहिली तू?"

"वडाभोवती."

"अन् वडाच्या बाजूले कोण उभं आहे?"

सगळ्या जागच्या जागी थांबल्या. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या सुताकडे. सातवा फेरा जवळजवळ सगळ्यांचाच संपला होता.

"अगं बाई!" मंदाकिनीवहिनींनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून मला फार वाईट वाटलं. मी काही इतका टाकाऊ माणूस नाही. माझे केस आहेत, दात स्वतःचे आहेत, पेन्शन वेळेवर येते. पण सात जन्म हा नवरा मिळणार या कल्पनेने एक बाई चक्क मटकन खाली बसली.

"माझं तर बरोबर लागलं," सुशीला शांतपणे म्हणाली. "बाकीच्यायचं पाहा."

"तोडा ते सूत!" निरंजन गरजला.

"नाही, नाही!" आपापल्या बायकांना न्यायला आलेले बाकीचे नवरे एकदम पुढे धावले. "चंद्राकरजी कसे पडले, विसरले काय? कोणी हात लावू नका!"

निरंजनला शुगर आहे. त्याने विचार केला आणि हात मागे घेतला. "वैरागडे, तुम्हीही तोडू नका जी," तो एकदम मऊ आवाजात म्हणाला. गेल्या पावसाळ्यापासून तो माझ्याशी इतकं गोड बोलला नव्हता.

शेवटी ब्राह्मणपाऱ्यातल्या पांडुरंगशास्त्र्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. शास्त्रीबुवांनी सगळा प्रकार दोनदा ऐकला. दुसऱ्यांदा ते हसत होते असा मला संशय आहे.

"पूजेच्या वेळी वडासोबत आत जे होतं, ते सगळं वडच धरायचं," ते म्हणाले. "मुंगी असली तर मुंगी वड. माणूस असला तर माणूस वड."

"म्हणजे नवरा नाही ना?" मंदाकिनीवहिनींनी विचारलं.

"नवरा नाही. झाड."

बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. इतका मोठा की मला पुन्हा वाईट वाटलं.

"पण एक आहे," फोनमधून आवाज आला. "सूर्य मावळेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. बाहेर चालत आले तर तो माणूस होता असं ठरेल. मग तुमचं तुम्ही पाहा."

मग काय विचारता! दार सुताने पुरतं बांधलं गेलं होतं आणि त्यावर साऱ्या नवऱ्यांचा पहारा बसला. उशिरा आलेल्या बायकांनी वडाला कुंकू लावलं आणि धर्मशास्त्राप्रमाणे मलाही लावलं. कोणी सळ्यांतून आंबा दिला. बागेत फिरायला आलेले लोक चपला काढून नमस्कार करून गेले. दुपारी चंद्राकरजी काठी टेकत आले, हात जोडून माझ्यासमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मेरा भी देख लेना, भैया." मी देव असतो तर त्यांना चप्पल बदला असं सांगितलं असतं. पण झाडाला बोलता येत नाही.

ज्यांना स्वतःच्या झाडाला कधी तांब्याभर पाणी घालता आलं नाही, ते सगळे त्या दिवशी एका झाडाची राखण करत उन्हात उभे राहिले. स्वतःच्या जिवावर आल्याशिवाय या लोकांना हिरवं काही दिसत नाही, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

दुपार चढली तसे तेही सावली शोधायला गेले. सुशीला मात्र गेली नाही. तिने छत्री आणून जाळीवर अडकवली. अर्धी झाडावर आली, अर्धी माझ्यावर. मग थर्मासमधून चहा ओतून सळ्यांतून कप आत दिला.

"घ्या. झाडाले चहा चालते का, ते शास्त्रीबुवाले विचारलं नाही मी."

तिचा कडक उपास होता, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मी चहा प्यालो आणि ती माझ्याकडे पाहत बसली. मला फार बरं वाटलं. हे मी तिला बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

सूर्य मावळल्यावर निषाद आणि निरंजन यांनी मला वरून, सूत न तुटू देता, उचलून बाहेर काढलं. पँट सळीला अडकून फाटली. झाडाला धक्का लागला नाही.

तो वड जगला. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण माझं डोकं तापतं. माणसाचा वड करणारी जागा म्हणून तिचा बोभाटा झाला. खात्याने रोज टँकर पाठवायला सुरुवात केली. पाण्याचा आणि झाडाचा विभाग एक झाले. मग भाविकांची समिती झाली, अध्यक्ष अर्थातच निरंजन. जाळीभोवती फरशीचा चबुतरा आला. बुंध्याभोवतीही फरशी घालणार होते, तिथली माती मी भांडून मोकळी ठेवली. माझ्या नावाची पाटी काढली. मी विचारायला गेलो तर सभ्य साहेब म्हणाले, "अब ये आस्था का विषय है. दत्तक योजना से इसे हटा दिया है." तिथे आता संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर समितीतल्या सगळ्यांची नावं आहेत. एकूण एक झाड मारलेली माणसं.

मी अजून सकाळी डबे घेऊन जातो. टँकरचं पाणी फरशी धुण्यात संपतं, झाडापर्यंत पोचत नाही, हे फक्त मला दिसतं. परवा जायला थोडा उशीर झाला. ऑक्टोबरातलं ऊन चांगलंच वर आलं होतं, फरशी तव्यासारखी तापली होती. निरंजन एका बाजूला खुर्ची टाकून बसला होता. मी डबा घेऊन चबुतऱ्यावर पाय ठेवला तसा तो म्हणाला:

"नरहरी, चपला काढा जी. देवाचं झाड आहे."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे. वड जाळीच्या वर डोकं काढून उभा होता. मी चपला काढून खाली ठेवल्या आणि भाजणाऱ्या पायांनी, एकदा हा पाय उचलत, एकदा तो, सगळा डबा त्याच्या बुंध्याशी रिकामा केला. मागे वळलो तेव्हा दिसलं की वडाची सावली जाळीबाहेर पडायला लागली आहे. पहिलीच सावली, जेमतेम हातभर, आणि ती नेमकी माझ्या चपलांवर पडली होती.